चांगला ऐकू आला

सरांना कुणी विचारलं, की काल टीव्हीवर लागलेला सिनेमा कसा होता, तर ते म्हणायचे, "चांगला ऐकू आला."

यात विनोद नव्हता. माकुणसारच्या त्यांच्या घरी टीव्हीसमोर एक लाकडी बाक आहे आणि सर त्या बाकावर टीव्हीकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून बसतात. हे मी स्वतः पाहिलं आहे. मला चहा देताना काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शांतपणे सांगितलं, "नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, रुसलेत."

त्यांची पद्धत ठरलेली होती. एखादा प्रसंग आवडला की तो आधी नुसता ऐकायचा. मग परत लावून, आवाज बंद करून, नुसता बघायचा. आणि मग, तोवर घरच्यांनी रिमोट काढून घेतला नसेल तर, बाकीची माणसं बघतात तसा बघायचा. "आपल्याला वाटतं आपण बघितलं," ते म्हणायचे. "निम्मं कानांनी सांगितलेलं असतं. डोळे फुकट भाव खातात."

एवढं सगळं असून सर सिनेमातले नव्हते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. कॉलेज संपल्यावर मी त्याच कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात लागले. पालघरहून स्कूटरने जायचं, ट्रेनिंग हॉलचं कुलूप उघडायचं, कामगारांच्या सह्या घ्यायच्या, लॅपटॉप जोडायचा आणि कोपऱ्यात बसायचं, हे माझं काम. ते मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठी बोलायचो. पण चार माणसांत बोलायची वेळ आली, की दोन्ही भाषा एकदमच निघून जायच्या आणि मी हसून मान हलवायचे. ऑफिसात माझ्याबद्दल मत झालं होतं, की पोरगी गुणी आहे पण जरा शिष्ट आहे.

सरांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "मॅडम, तू बोलत नाहीस की ऐकत असतेस?" ऑफिसातल्या सगळ्या मुलींना मॅडम म्हणायचं आणि लगेच अरे-तुरे करायचं, ही त्यांची रीत होती. मी हसून मान हलवली. "म्हणजे ऐकत असतेस," ते म्हणाले आणि निघून गेले.

उन्हाळ्यात ते घरच्या वाडीतले पांढरे जाम, ती पाणीदार कुरकुरीत फळं, घेऊन यायचे, तेही हेल्मेटमध्ये. हेल्मेट टेबलावर उलटं ठेवायचं, एक जाम उचलायचा, समोरच्याच्या कानाजवळ नेऊन चावायचा आणि म्हणायचं, "ऐकलंस? आज उतरवलाय." मग दुसरा चावायचा. "हा कालचा." अकाउंट्सच्या बाई त्यांना येताना पाहिलं की फोन कानाला लावायच्या.

कारखान्यात लहानसहान अपघात झाला, कुणाचा पाय घसरला, एखादा ड्रम कलंडला, की चौकशी सर करायचे. तिथे तर त्यांचा विक्षिप्तपणा कळसाला पोचायचा. साक्षीदाराला ते खुर्चीत बसवायचे आणि सांगायचे, "डोळे मीट. पहिल्यांदा काय ऐकलंस?" मग, "कुठं उभा होतास? तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर काय होतं? ड्रम दिसत होता, की ड्रमच्या आड काही होतं?" माणूस गोंधळून जायचा, पण थोड्या वेळाने खरोखरच त्याला आठवायला लागायचं. पर्सोनेलचे साहेब म्हणायचे, सर चौकशी करत नाहीत, अंगात आणतात. कामगार त्यांना पाठीमागे 'डायरेक्टर' म्हणायचे. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"आवाज आधी पोचतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी विज्ञान शिकलेली. एकदा धीर करून म्हणाले, "सर, प्रकाश आधी पोचतो."

"पुस्तकात प्रकाश," सर म्हणाले. "माणसात आवाज. मागून हॉर्न वाजला तर तू आधी ऐकतेस, मग वळतेस, मग बघतेस. सिनेमात पण तेच. दाराचा आवाज आला, बाईने मान वळवली, मग दार दिसलं. तू दार आधी दाखवलंस तर तो नुसता दाराचा फोटो."

हे बोलणं मी त्या दिवशी फक्त ऐकून घेतलं. पुढे ते उपयोगी पडलं, ते मात्र सरांच्याच विरुद्ध.

त्याचं असं झालं. आमच्या कारखान्यात एका उंच खांबावर विंडसॉक होता. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची लांब कापडी पिशवी, वारा भरला की आडवी होणारी. वायू गळला तर आधी तिच्याकडे बघायचं, वारा कुठून येतो ते ओळखायचं आणि त्याच्या उलट दिशेने किंवा आडवं निघून जायचं. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, कारण वायूही तिकडेच येणार. हे सगळ्यांना पाठ होतं. परीक्षा घेतली असती तर सगळे पास झाले असते.

प्लांटच्या मोठ्या दारातून बाहेर आलं की डावीकडे गेटकडे जाणारा काँक्रीटचा रस्ता होता आणि उजवीकडे, समुद्राच्या दिशेला, खडी टाकलेलं मागचं मैदान. सराव म्हणून दर काही महिन्यांनी मॉक ड्रिल व्हायचं. सायरन वाजायचा, माणसं धावत गेटपाशी जमायची, हजेरी व्हायची, कारखान्याचे मोठे साहेब शाबासकी द्यायचे आणि चहा मिळायचा. ड्रिल कायम सकाळी, कारण चहा सकाळचा.

कँटीनमधल्या मावशी याला हसायच्या. त्यांचं माहेर एडवणचं आणि सासर मुरब्याचं, दोन्हीकडे होड्या. एकदा वाटाणे सोलता सोलता त्या सरांना म्हणाल्या, "सायेब, वारा सकाळचा भायेर जाते न दुपारचा घरी येते. आमच्या माणसांसारखाच. तुमी सगली ड्रिला सकाळचीच करता, तं गेटाकडं पलालं तरी पास."

मी शाळेत लँड ब्रीझ आणि सी ब्रीझ शिकले होते, चित्रासकट. पण ते बोईसरलाही लागू असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. सर खूश झाले आणि त्यांनी पुढचं ड्रिल न सांगता दुपारी लावलं. वारा समुद्रावरून येत होता, विंडसॉक गेटकडे बोट दाखवावं तसा ताणलेला होता, आणि सगळा कारखाना त्याच्या खालून गेटकडे पळाला. खरा वायू असता तर तोही सोबतच गेला असता. सरांनी एका कंत्राटी कामगाराला थांबवून विचारलं, की बाबा, वर बघितलं का नाहीस? तो धापा टाकत म्हणाला, "साहब, गेट तो इधर है."

सर त्याच्यावर चिडले नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला आणि मावशींना नंतर कँटीनमध्ये सांगितलं. तरुणपणी ते दुसऱ्या एका कारखान्यात असताना अमोनिया थोडासा गळला होता. "सायरन झाला. मी सेफ्टी ऑफिसर. सगळ्यांना शिकवणारा मी. आणि मी पळालो तो सरळ गेटकडे, वासाच्या मधून. सगळ्यांच्या पुढं होतो. नंतर कितीतरी दिवस खोकत होतो."

"का पण?" मावशींनी विचारलं.

"रोज घरी त्याच वाटेनं जायचो ना," सर म्हणाले. "घाबरलेला माणूस वारा बघत नाय. घरी जातो."

सर एरवी पुस्तकी मराठी बोलायचे. गावाकडचं 'नाय' त्यांच्या तोंडी आलं की ओळखायचं, आता खरं बोलतायत.

पुढच्या मेअखेरीस ते निवृत्त होणार होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, भेट काय देऊ, घड्याळ की चांदीचा गणपती? सर म्हणाले, मला काही नको. दुपारच्या ड्रिलला माणसं वर बघतायत, एवढं एकदा होऊ दे. आणि त्यासाठी एक फिल्म करू दे. आयुष्यभर सिनेमे ऐकून हा माणूस शेवटी एक सिनेमा मागत होता, तो मिळाला.

आणि काय सांगू, तो त्यांनी अगदी वाईट केला.

पालघरचा एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा मुलगा ड्रोन घेऊन आला. ड्रोन वर गेला आणि खाली अख्खा कारखाना, टाक्या, नारळाची झाडं, लांब खाडीची चमकती रेघ दिसायला लागली, तेव्हा सर आपलं सगळं तत्त्वज्ञान विसरले. लहान मुलासारखे त्या पडद्याकडे बघत राहिले. पॅकिंग विभागातला एक देखणा मुलगा हिरो झाला. त्याने गॉगल लावला, तोही सरांनी चालवून घेतला. विंडसॉक संध्याकाळच्या उन्हात, संथ गतीने फडफडताना, खालून, बाजूने, पुन्हा खालून असा दिसत होता. त्यावर व्हायोलिन होतं. शेवटी सगळे कामगार बरोबर दिशेने जाऊन अंगठा दाखवतात. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पर्सोनेलच्या साहेबांनी हिरोला पुढे बोलावलं.

नंतर पुन्हा दुपारचं ड्रिल झालं. सगळे गेटकडे पळाले. हिरोसुद्धा.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. हेल्मेट मांडीवर घेऊन ट्रेनिंग हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून राहिले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. मला एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगावी की नाही, हे मला कळत नव्हतं.

हॉलमधली माझी जागा पडद्याच्या शेजारच्या कोपऱ्यात होती. तिथून पडदा दिसत नाही, बघणारी माणसं दिसतात. सरांची फिल्म सगळ्या पाळ्यांना दाखवली गेली होती आणि मी प्रत्येक वेळी फक्त चेहरे पाहिले होते. व्हायोलिन लागलं की लोक खुर्चीत मागे रेलायचे. विंडसॉक आला की त्यांच्या चेहऱ्यावर कॅलेंडरवरचं चित्र बघतानाचा भाव यायचा. पण एका ठिकाणी हिरो चालता चालता कुणी हाक मारल्यासारखा मागे वळतो, तिथे दर वेळी, दर पाळीला, अख्ख्या हॉलच्या माना त्याच्याबरोबर वळायच्या. मागे काहीच नव्हतं, तरीही.

"सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या सिनेमात वर कुणीच बघत नाही."

एवढंच बोलले. पुढची वाक्यं मनात तयार होती, पण ती बाहेर आली नाहीत. सर उठले आणि एक खुर्ची उचलून माझ्या कोपऱ्यात, माझ्या खुर्चीला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी एका पाळीला फिल्म पुन्हा दाखवली, तेव्हा सर तिथे बसले आणि पडद्याकडे पाठ करून त्यांनी स्वतःची फिल्म लोकांच्या चेहऱ्यांवर बघितली. विंडसॉक आला. व्हायोलिन आलं. लोक मागे रेलले. सर माझ्याकडे न बघता पुटपुटले, "मी दाराचा फोटो दाखवला गं."

दुसरी फिल्म आम्ही दोघांनी केली, माझ्या मोबाइलवर. सगळ्यात आधी ड्रोन बाद झाला. सर म्हणाले, "वरून सगळं दिसतं, गेट पण, वारा पण. देवाला दिसतं तसं. कामगाराला असं कुठं दिसतं? कॅमेरा त्याच्या खांद्यामागे पाहिजे. त्याला दिसत नाही ते आपल्यालाही दिसता कामा नये." मग व्हायोलिन गेलं. व्हायोलिन आलं की माणसाला कळतं हा सिनेमा आहे, यात आपलं काही वाकडं होत नाही.

हिरोच्या जागी मी मावशींचं नाव सुचवलं. एक तर त्यांना सगळे ओळखत होते. आणि मी बघून ठेवलं होतं, की त्या कँटीनच्या दारातून कधीही बाहेर आल्या, की पहिल्यांदा वर बघतात. घरी बोंबील वाळत घातलेले असायचे. आभाळ कसं आहे, वारा आहे की पडलाय, याचा त्यांच्या मानेलाच घोर होता.

पण कॅमेरा दिसताच मावशी कॅमेऱ्याकडे बघून हसायच्या. "वर बघा" म्हटलं, की हात कपाळावर धरून लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघितल्यासारखं बघायच्या. सर समजावून थकले. "सायेब, तुमी नुसतं बघ बघ करता," मावशी वैतागल्या, "न वर काय हाय बघायला? तो बावटा तं रोजचाच हाय." विंडसॉकला त्या बावटा म्हणायच्या, होडीवरच्यासारखा. शेवटी सरांनी हात टेकले आणि मला सांगितलं, "तिला काही करायला लावू नकोस. मागं उभी राहा, कॅमेरा चालू ठेव आणि तिला तिच्या कामानं बाहेर येऊ दे." मी पाण्याच्या पिंपाच्या आड उभी राहिले. मावशी हात पुसत बाहेर आल्या, थांबल्या, वर बघितलं. त्यांच्या मानेवरच्या अंबाड्यातला अबोलीचा गजरा आधी खाली आला, आणि मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे आभाळ दिसलं आणि त्यात तो बावटा. तो शॉट आजही बघितला, तरी माझी मान वर जाते.

आवाजावरून मात्र भांडण झालं. सरांना हवं होतं, की सायरन वाजतोय, वाजतोय, आणि मावशी वर बघतात त्या क्षणी तो थांबतो. एकदम शांतता. बॉयलरवरचे जुने ऑपरेटर शेजारीच होते. ते म्हणाले, "सर, सायरन थांबला म्हणजे काय? संकट टळलं. तुम्ही लोकांना शिकवणार काय, की वर बघितलं की संकट टळतं?"

सर चक्क आडवे झाले. म्हणजे हॉलमधल्या बाकावर खरोखरच आडवे झाले आणि डोळ्यांवर हेल्मेट ठेवलं. कुठल्याही सिनेमात जी शांतता चालली असती, ती आमच्या कारखान्यात खोटं बोलणारी होती. बऱ्याच वेळाने हेल्मेटच्या आतून आवाज आला, "थांबवायचा नाही. लांब न्यायचा." म्हणजे सायरन चालूच, पण मावशींची मान वर जाते तसा तो मागे मागे जातो, आणि कापडाची फडफड जवळ येते, कानाशी आल्यासारखी. एखाद्या गोष्टीकडे आपण नीट लक्ष दिलं, की बाकीचं जसं लांब जातं, तसं.

फडफड रेकॉर्ड करायला खांबावर चढणं शक्य नव्हतं. म्हणून मी रविवारी माकुणसारला गेले. अंगणात दोरीवर चादर घातली होती, वारा येत होता, सर माझा मोबाइल चादरीला जवळजवळ चिकटवून डोळे मिटून उभे होते. उत्तम फडफड मिळाली. तिच्या शेवटी काकूंचा आवाज आहे, "अहो, ती वाळलीय, आत घ्या आता." फिल्ममधून तो कापला. माझ्याकडच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो अजून आहे.

आणि पावलं. सरांनी सगळ्यात जास्त वेळ पावलांना दिला. सेफ्टी बूट काँक्रीटवर टपटप वाजतात आणि खडीवर खरखर. दारातून बाहेर पडलेली माणसं आधी टपटप करत डावीकडे निघतात. मग आवाज थांबतो. सायरन लांब जातो, कापड फडफडतं. मग खरखर सुरू होते, आधी एकाची, मग सगळ्यांची. "डोळे मिटून ऐकलं तरी गोष्ट कळली पाहिजे," सर म्हणाले. कळत होती.

फिल्म दाखवली त्या दिवशी सर आणि मी, दोघंही कोपऱ्यात पडद्याकडे पाठ करून बसलो. पडद्यावर मावशी दिसल्याबरोबर हॉलमध्ये हशा उसळला. "मावशी, चहा आण," कुणीतरी ओरडलं. सर हलले नाहीत. सायरन लांब गेला. फडफड जवळ आली. आणि हॉलमधल्या सगळ्या माना वर गेल्या, सिलिंगच्या पंख्याकडे. सरांनी माझ्या हातावर हळूच चापट मारली.

पण पंख्याकडे बघणं वेगळं आणि पळताना बघणं वेगळं, हे आम्हाला माहीत होतं. शेवटचं ड्रिल मेमध्ये होतं, दुपारचं, कुणाला न सांगता. नुकत्याच आलेल्या नियमाप्रमाणे सेफ्टी ऑफिसरने त्या वेळी कंट्रोल रूममध्ये असायचं, आणि कंट्रोल रूमला बाहेरची खिडकी नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी सर थांबले होते, तीच त्यांना दिसणार नव्हती. त्यांनी मला प्लांटच्या मोठ्या दारासमोर, एका पिंपाच्या आड उभं केलं. "सगळी माणसं चौकटीत पाहिजेत. त्यांचे चेहरे. आणि मॅडम, कॅमेरा हलवायचा नाय. काय वाट्टेल ते झालं तरी हलवायचा नाय."

मी मान हलवली.

ड्रिल झालं, हजेरी झाली, आणि मी कंट्रोल रूमकडे गेले. सर खुर्चीत बसून होते. बाहेर काय झालं हे त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं, वायरलेसवर कुणी सांगायला लागला तर त्यालाही गप्प केलं होतं. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, मोबाइल घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. अर्थातच. आधी ऐकायचं.

सायरन. दार आपटल्याचा आवाज. मग टपटप, टपटप, पुष्कळ बूट एकदम, काँक्रीटवर. सरांचा चेहरा आवळला गेला. टपटप वाढत गेली. कुणीतरी हिंदीत ओरडलं, कुणाचं तरी हेल्मेट पडून गडगडत गेलं. आणि मग बूट थांबले. सगळे एकदम नाही. आधी पुढचे, मग त्यांना बघून मागचे. थोडा वेळ फक्त सायरन होता. मग एक जण खडीवर गेला. खरखर. त्याच्यामागे दुसरा. मग इतके, की आवाज वेगळे काढता येईनात.

एकच टपटप शेवटपर्यंत गेटकडे जात राहिली.

"हे कोण?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"मोठे साहेब," मी म्हणाले. "त्यांनी दुसरी फिल्म बघितली नव्हती. नुसती मंजूर केली होती."

सर हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, आणि त्यांनी त्या हेल्मेटच्या पट्ट्याने पुसल्या. मग मोबाइल सरळ केला. "चल, आता बघू दे चेहरे."

मी खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

व्हिडिओच्या सुरुवातीला दार दिसतं, व्यवस्थित चौकटीत. माणसं बाहेर येतात, डावीकडे वळतात. पुढचा एक जण थांबतो. आणि बरोबर तिथे, जे बघण्यासाठी सर सबंध वर्ष थांबले होते त्या क्षणी, चित्र हलतं, माणसं खालून निसटतात, पिंपाची कड येऊन जाते, आणि मग शेवटपर्यंत नुसतं आभाळ आहे. निळं आभाळ आणि त्यात ताणलेला केशरी-पांढरा बावटा. चेहरा एकही नाही.

सरांनी ते सगळं बघितलं. मग म्हणाले, "हलला."

"हो."

"हलवायचा नाय म्हटलं होतं."

"मी हलवला नाही, सर," मी म्हणाले. "त्याने वर बघितलं."

सरांनी मोबाइल पुन्हा सुरुवातीला नेला आणि या वेळी आवाज बंद करून बघितलं. दार, माणसं, तो थांबलेला एक जण, आणि आभाळ. शेवटी तिसऱ्यांदा लावला, इतर लोक बघतात तसा. टेबलावर हेल्मेट उलटं ठेवलेलं होतं, त्यात हंगामाचे शेवटचे जाम होते. सरांनी त्यातला एक उचलून माझ्या कानाजवळ नेला, मग विचार बदलला आणि माझ्या हातात दिला.